दोराचं दुसरं टोक

दोर एकट्याला वळता येत नाही. एकजण चाक फिरवतो. दुसरा कमरेला घायपाताच्या वाखाचा भारा बांधतो, त्यातला चिमूटभर वाख चाकाच्या आकड्यात अडकवतो आणि बोटांतून वाख सोडत मागे मागे चालत जातो. तोंड चाकाकडे, पावलं उलटी. आमच्या घरामागे यासाठी ऐंशी पावलांचा सरळ पट्टा आहे. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला खुंटा. चाकावर मी असायचो आणि उलटं चालायची माझी बायको. पंधरा वर्षं आम्ही असे दोर वळले.

थंडीत ती गेली. त्यानंतर दोन महिने चाक बंद होतं. त्याच्या दांड्यावर कोंबडी बसायची आणि मी तिला हाकलत नव्हतो.

उन्हाळा लागला तसं विहिरींचं पाणी खाली गेलं. लोकांचे दोर तोकडे पडायला लागले. हे सांगायला बरं वाटत नाही, पण दुसऱ्याच्या विहिरीत खडखडाट झाला की आमची चूल नीट पेटते. विहिरी खोल करायचं काम घेणारा एक माणूस आहे, त्याला सगळे विहीरवालाच म्हणतात. तो एका सकाळी आला, कोंबडीकडे बघितलं आणि म्हणाला की कारखाना चांगल्या हातात दिसतोय. मग हसणं सोडून त्याने चौदा जाड दोर मागितले, तीन आठवड्यांत. त्याची माणसं दोराला धरून खाली उतरतात. दुसऱ्या कुणाचा दोर त्यांना चालत नाही.

मी म्हणालो, दुसरं टोक धरायला माणूस नाही. आई उंबऱ्याजवळ बसून लोखंडी दातांच्या फणीने वाख विंचरत होती. मान वर न करता म्हणाली, "धाकटी चालेल की. तिला तरी घरात काय काम आहे? पोर ना बाळ."

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला तीन वर्षं झालेली. ती तेव्हा दारातच होती, हातात पाण्याची कळशी होती. तिने कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि कमरेला भारा बांधून घेतला. मला म्हणाली, "मागे जायचंय ना दादा? ते मला येतं."

पहिल्या दिवशी ती दोनदा खुंट्यावर आपटली आणि दोन्ही वेळा हसली. माझ्या बायकोने तिला फावल्या वेळात थोडं शिकवून ठेवलं होतं. डाव्या मुठीत वाख किती दाबायचा, उजव्या हातात ओलं फडकं धरून सूत कसं गुळगुळीत करायचं. चौथ्या दिवसापासून सूत एकसारखं यायला लागलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाकावरच्या माणसाला समोरचा हात दांड्यातून कळतो. वाख नीट सुटत असेल तर दांडा लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो. समोरच्याचं लक्ष उडालं, बोट कापलं, खोकला आला, सगळं सुतातून चालत येऊन आपल्या तळहातात पोचतं. डोळे मिटून सांगावं, कोण चालतंय आणि कसं चालतंय.

नवव्या दिवशी सकाळी दांडा अडखळला. दोन फेरे नीट, मग एक हिसका. दोन फेरे, हिसका. डाव्या हातात जोर नसला की असं होतं. वाख एकदम सुटतो, सुतात फुगीर गोळा येतो आणि त्याच्या पुढचं सूत बारीक पडतं. मी चाक थांबवलं आणि काय झालं म्हणून विचारलं. तिने लांबूनच सांगितलं की कळशी हातावर पडली.

मला कळलं. ती वाक्य पुरं करायच्या आत कळलं. आमच्या घरातली कळशी याआधीही पुष्कळदा पडली होती.

आणि मी काय केलं, तर चाक परत सुरू केलं. नंतरचं सगळं वाचताना हे विसरू नये, म्हणून लिहून ठेवतो. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाक फिरवत राहिलो.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा मी आणि माझी बायको शहरातल्या दवाखान्यात गेलो होतो. दोघांची तपासणी झाली. पंधरा दिवसांनी परत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि सरळ सांगितलं की हिच्यात काही दोष नाही, दोष माझ्यात आहे आणि औषधाने फार फरक पडेल असं त्यांना वाटत नाही. मूल दत्तक घ्यायचा विचार करा म्हणाल्या. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, मुद्दामच बघितलं नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. उतरायच्या आधी ती म्हणाली, "घरी मी सांगते काय ते."

घरी आल्यावर मी अंगणात पाय धुवायला थांबलो. आत तिने आईच्या पायांवर हात ठेवून सांगितलं, "दोष माझ्यातच आहे." मला बाहेर सगळं ऐकू आलं. मी बराच वेळ पाय धूत राहिलो.

त्यानंतर पुड्या सुरू झाल्या. बाजाराच्या दिवशी झाडाखाली पथारी टाकून बसणारा एक माणूस आहे. त्याच्याकडची काळी भुकटी आई घेऊन यायची आणि रोज सकाळी अनशापोटी, समोर बसून तिला घ्यायला लावायची. आईला वाईट म्हणवत नाही मला. मी जन्मलो तो लग्नानंतर सहा वर्षांनी, आणि त्या सहा वर्षांत तिने काय खाल्लं ते तिलाच माहीत. आपण सोसलं तेच आपण दुसऱ्याला औषध म्हणून देतो. माझी बायको भुकटी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची आणि भारा बांधून पट्ट्यावर यायची. जो आजार तिला नव्हता त्याचं औषध तिने अकरा वर्षं घेतलं. मी रोज बघत होतो.

आणि मी तिला मारायचो.

पहिल्यांदा मारलं ते दवाखान्यातून आल्यावर तीन महिन्यांनी. ती शेजारणीचं पोर मांडीवर घेऊन हसत होती, एवढंच. मी तिला आत बोलावलं आणि तिचा डावा हात पिरगळला. दोर पिळणाऱ्याचा हात माझा. नंतर बाहेर कुणी विचारलं तेव्हा तिने कळशीचं सांगितलं.

का मारलं, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता आहे. जगात एकाच माणसाला माझं खरं माहीत होतं, आणि ते माणूस दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत मागे चालायचं. तिने ते मला एकदाही ऐकवलं नाही. मार खातानासुद्धा नाही. ऐकवलं असतं तर मी थांबलो असतो असं मी स्वतःला सांगतो. ते खरं असेलच असं नाही.

तिचा हात पहिल्यांदा पिरगळला त्या दिवशीचा दोर विहीरवाल्याने परत आणला होता. गोळे होते त्यात. मी तेवढा तुकडा तोडला आणि अंगणात कपडे वाळत घालायला बांधला. तो अजून तिथेच आहे. तिने अकरा वर्षं त्याच्यावर माझे सदरे वाळत घातले.

शेवटी तिचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. दवाखान्यात विचारलं की काय काय औषधं घेतली. आईने सगळं सांगितलं. किती निष्ठेने दिलं तेही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण एवढी वर्षं कुणी असलं काही पोटात घालतं का? आईला ते नीट कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं. तीन दिवसांनी माझी बायको गेली. जायच्या आदल्या दुपारी तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी माझा हिशेब करेल. ती एवढंच म्हणाली, "धाकटीला ही पुडी लागू देऊ नका. एवढं करा."

मी हो म्हणालो होतो.

दांडा अडखळला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेलो, तर फळीवर मिठाच्या बरणीमागे पुडी दिसली. तोच कागद, तसाच दोरा बांधलेला. मी ती उचलली आणि उकिरड्यात टाकली. पुढच्या बाजाराला तिथे नवी पुडी आली. मी आईला म्हणालो की हिला हे देऊ नकोस. आई म्हणाली की पहिलीच्या नशिबात नव्हतं म्हणून औषध वाया गेलं, हिला लागू पडेल, आणि तू पुरुष माणूस, बायकांच्या गोष्टीत कशाला पडतोस. धाकट्यालाही म्हणालो की शहरात जाऊन दोघांची तपासणी करून या. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला साडी नेसायला सांगितलं. म्हणाला, "दादा, आपल्या घरातले पुरुष कधी तपासायला गेलेत का?"

 खरं सांगितल्याशिवाय त्या घरात माझ्या शब्दाला वजन नव्हतं, आणि खरं सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. पंचेचाळिशीचा माणूस मी, बायको राहिली नाही, मूल होणार नाही, आता लपवून मला काय मिळणार होतं? तरी नाही. रोज सकाळी ठरवायचो, चाकाजवळ जायचो, आणि दांडा हातात घेतला की तो अडखळायचा आणि मी फिरवत राहायचो. धाकटी आता हसत नव्हती. भुकटीने तिला मळमळायचं. दोनदा तिने खुंट्याशी थांबून ओकारी काढली, तोंड पुसलं आणि परत चाकाकडे तोंड केलं.

आठ दोर झाले तेव्हा विहीरवाला बघायला आला. दुपारची वेळ. तो दोर नुसता बघत नाही, अंगठ्याखालून सगळा घालवतो. सहा दोर त्याने मान हलवत बाजूला ठेवले. सातव्यावर अंगठा थांबला. थोडा पुढे नेला, परत थांबला.

त्याने विचारलं, हे कुणाचं काम आहे. रागाने नाही विचारलं. माणसं उतरवायची असतात त्याला.

धाकटा बाजूला पायताण काढून बसला होता. तयार दोर गिऱ्हाइकाकडे पोचवायचं काम त्याचं. तो हसून म्हणाला, "हिचंच, दुसऱ्या कुणाचं? दोरही धड होत नाही हिच्याकडून."

धाकटी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला खुंट्यापाशी उभी होती, कमरेला भारा, हातात सूत. ऐंशी पावलांवर ऐकू गेलं असेलच असं नाही. पण माझ्या हातात दांडा होता, आणि सूत ढिलं पडलं ते मला कळलं.

मी दांडा सोडला. धाकट्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत अंगणात कपड्यांच्या दोरीपाशी नेलं. त्याला वाटलं मी मारतो की काय. मी त्याची बोटं दोरीवर ठेवली.

"अंगठा फिरव."

त्याने फिरवला. तोही दोरवाल्याच्याच घरातला. पहिल्या गोळ्यावर त्याचा अंगठा थांबला, मग दुसऱ्यावर. दोन फेऱ्यांचं अंतर.

"काय आहे हे?" त्याने विचारलं.

"तुझ्या वहिनीचा डावा हात आहे. मी पिरगळला होता त्या दिवशीचा. आता तो सातवा दोर घे आणि त्याच्यावर अंगठा फिरव. तुझा हात सापडेल त्यात."

त्याने मनगट सोडवायला हिसका दिला. मी सोडलं नाही. म्हणाला की बायको त्याची आहे, आणि तीन वर्षं झाली, लोक तोंडावर विचारतात, मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं.

"मी तेच केलं," मी म्हणालो. "दोष माझ्यात होता. तिच्यात काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तिने तो स्वतःवर घेतला, आणि मी घेऊ दिला. वर मारलंही."

विहीरवाला दोराचं वेटोळं हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने ते हळूच खाली ठेवलं आणि चपला शोधायला लागला. पायातच होत्या त्या.

आईच्या हातातली फणी थांबली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिने माझ्या पायांवर हात ठेवून सांगितलं होतं."

"हो."

"तू कुठे होतास?"

"बाहेर. पाय धूत होतो."

आईने फणी मांडीवर ठेवली. 

धाकटा पहिल्यांदा गोंधळला, मग त्याचा चेहरा घट्ट झाला. म्हणाला, "तुझं असेल तसं. माझंही तसंच आहे कशावरून?"

"कशावरूनच नाही. तुझं असेल, तिचं असेल, कुणाचंच नसेल. तुला माहीत नाही. माहीत नाही, आणि हात तिचा सुजलाय."

तेव्हा विहीरवाल्याने खाकरून पट्ट्याकडे बोट केलं. आम्ही वळून बघितलं.

धाकटीने कमरेचा भारा सोडून खुंट्याला अडकवला होता. सूत जमिनीवर पडू नये म्हणून त्याचं टोकही खुंट्याला बांधलं होतं, नीट गाठ मारून. आणि ती मागच्या रस्त्याने चालली होती. घाईत नाही, पण वळूनही बघत नव्हती. एक हात दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला.

धाकटा निघाला. मी मनगट सोडलं नव्हतं. तो सोड म्हणाला, मी नाही म्हणालो. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण आहे, पण पंधरा वर्षं चाक फिरवलेला हात वाईट असतो. एक दुधाची गाडी थांबली, ती चढली, गाडी गेली. मग मी त्याला सोडलं. त्याच्या मनगटावर माझी बोटं उठली होती. ती बघून मला बरं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी आईने फळीवरून पुडी काढली. मला वाटलं चुलीत टाकेल. तिने दोरा सोडला, चिमूटभर भुकटी बोटावर घेतली आणि जिभेवर ठेवली. तिने ती कधी चाखली नव्हती. तिच्या वेळची औषधं वेगळी होती. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती मोरीपाशी जाऊन कितीतरी वेळ थुंकत राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, "एवढं कडू होतं. मी वर साखरेचा दाणाही दिला नाही कधी." मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

धाकटीच्या माहेरून तिच्या भावाचा निरोप आला. हात हाडाच्या डॉक्टरला दाखवला, मोडला नाही, मुरगळलाय. आणि शहरातल्या दवाखान्यात जाऊन तपासून ये, कागद घेऊन ये, मग बोलू, असं तिने स्वतः धाकट्याला सांगितलंय.  धाकटा चार दिवस ताट पुढे आलं की जेवायचा आणि उठून जायचा. मला त्याची कीव येत होती. मी त्याच्या जागी होतो तेव्हा माझ्याही पोटात असाच दगड होता, आणि मी तो उचलून बायकोच्या डोक्यावर ठेवला होता.

आठ दोर राहिले होते. सहा नवे, आणि सातवा-आठवा परत. पाचव्या दिवशी मी खुंट्यावरचा भारा काढून माझ्या कमरेला बांधला. धाकट्याला म्हणालो, चाकावर ये. तो आला.

मी जन्मात कधी उलटा चाललो नव्हतो. तिसाव्या पावलालाच पोटऱ्या भरून आल्या. वाख बोटं कापतो, विशेषतः करंगळीच्या बाजूला. माझ्या बायकोच्या हाताला तिथेच घट्टे होते. मला वाटायचं भांडी घासून झाले असतील. आणि चालताना दुसरीकडे बघता येत नाही. चाकावरच्या माणसाच्या तोंडाकडेच बघावं लागतं, नाहीतर चाल वाकडी होते. धाकट्याचं तोंड लहान लहान होत गेलं. तो रडत होता की घाम होता, लांबून कळलं नाही.

तिसऱ्या फेरीला त्याने चाक थांबवलं आणि तिथूनच मोठ्याने विचारलं, "दादा, तिथे आत एकट्यानेच जायचं असतं का?"

"तपासायला एकट्याने. कागद वाचतात तेव्हा दोघांनी बसायचं."

"ती येईल का?"

"विचार तिला. आली तर शेजारी बस. आणि कागदावर काहीही असो, घरी येऊन सांगायचं काम तिच्यावर सोडू नकोस."

त्याने दांडा परत धरला. मग म्हणाला की सोमवारी पहिल्या गाडीने जातो. आणि चाक सुरू केलं.

मी मागे चालत राहिलो. पाठीला खुंटा लागला तेव्हा थांबलो. इतक्या वर्षांत मी त्या टोकाला उभा राहिलो नव्हतो, काही कारणच नव्हतं. तिथून घर लहान दिसतं. चाकावरचा माणूस बोटाएवढा दिसतो, तो काही तुमच्यापर्यंत लगेच पोचू शकत नाही. आणि मागे वळलं की रस्ता दहा पावलांवर आहे. मोजली मी. दहा. शेजारी कुंपण नाही, काही नाही.

दिवसातून चाळीस वेळा माझी बायको तिथवर येत होती. चाळीस वेळा सुताचं टोक हातात धरून माझ्याकडे परत येत होती.

धाकट्याने लांबून हाक मारली, थांबलास का म्हणून. मी काही नाही म्हणून हात हलवला, सूत ताणून धरलं आणि चाकाकडे चालायला लागलो.